देवगिरी-दौलताबाद : कातळाची साक्ष आणि ग्रंथांची साक्ष

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर शहराच्या वायव्येस सुमारे १५ कि.मी. अंतरावर, वेरूळकडे जाणाऱ्या मार्गालगत देवगिरीचा शंकूच्या आकाराचा डोंगर उभा आहे. सभोवतालच्या सपाटीपासून त्याची उंची जवळपास २०० मीटर भरते. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा सत्तांनी तो क्रमाने उपभोगला. एवढ्या दीर्घ वहिवाटीमुळे किल्ल्याच्या अभ्यासात एक अडचण निर्माण झाली आहे. तासलेला कडा, खंदक, अंधारी, तिहेरी तटबंदी हे सारे एकाच हाताने, एकाच काळी घडले असावे, अशा थाटात बहुतेक वर्णने लिहिली जातात. कोणी ते सरसकट यादवांच्या नावावर मांडतो, तर कोणी सरसकट सुलतानांच्या. प्रस्तुत निबंधात ग्रंथांतील उल्लेख आणि प्रत्यक्ष वास्तू यांची सांगड घालून या थरांचा विचार केला आहे.

यादवपूर्व व यादवकाल :
हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथातील व्रतखंडाच्या आरंभी यादवांची राजप्रशस्ती आहे. तीत देवगिरी नगरी वसविण्याचे श्रेय पाचव्या भिल्लमाला दिले आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांनी यादवांचा इतिहास रचताना याच प्रशस्तीचा आधार घेतला. इ. स. ११८७ च्या सुमारास भिल्लमाने देवगिरीस राजधानी केली, असे सामान्यतः मानले जाते. मात्र डोंगराच्या अंगाखांद्यावर अर्धवट कोरून सोडलेली लेणी आहेत. ती लक्षात घेता हा डोंगर भिल्लमापूर्वीही निर्मनुष्य नव्हता, असे मानण्यास जागा आहे. वेरूळ येथून हाकेच्या अंतरावर आहे. बसाल्टचा कातळ वरून खाली उतरवत नेण्याचे तंत्र या परिसरातील पाथरवटांना कैलास लेण्यापासून अवगत होते. देवगिरीचा कडा हे लष्करी स्थापत्य खरेच, पण त्याची जातकुळी लेण्यांची आहे.

१२९६ चा प्रसंग :
कड्याचा अलाउद्दीन खलजी इ. स. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्रासह राजधानीबाहेर होते. रामचंद्रदेवाने वरच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि खालचे नगर लुटले गेले. घाईघाईने किल्ल्यात चढविलेल्या धान्याच्या गोण्यांत प्रत्यक्षात मीठ निघाले व त्यामुळे राजाला तह करावा लागला, ही कथा फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. तेव्हा गोण्यांची कथा जपूनच स्वीकारली पाहिजे. तथापि या प्रसंगाचे सार वास्तूशी जुळते. शहर सहज हाती आले, बालेकिल्ला आला नाही. पुढे मलिक काफूरची स्वारी झाली, शंकरदेव मारला गेला आणि इ. स. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधाबरोबर यादवसत्ता संपली. त्याच वर्षी कुतुबुद्दीन मुबारक खलजीने खालच्या नगरात जामा मशीद उभारली. तिच्यातील स्तंभ उघडपणे मंदिरांचे आहेत.

कातड्याची शिडी आणि अंधारी :
कालनिश्चितीच्या दृष्टीने दोन प्रवेशवर्णने शेजारी ठेवून वाचणे उद्‌बोधक ठरते. पहिले इब्न बतूताचे. इ. स. १३४२ च्या सुमारास तो येथे होता. तो नगराचे तीन भाग सांगतो : सुलतान व लष्कराचे दौलताबाद, दुसरे कटक आणि तिसरा देवगिरीचा बालेकिल्ला. या बालेकिल्ल्यावर कातड्याच्या शिडीने चढावे लागते आणि रात्री ती शिडी वर ओढून घेतात, असे त्याने नोंदविले आहे. दुसरे वर्णन शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरीचे. त्याच्या 'पादशाहनामा'त कड्याची उंची १४० गज, घेर ५००० गज, तर कातळात खोदलेल्या खंदकाची रुंदी ४० व खोली ३० गज दिली आहे. वर जाण्याचा मार्ग मात्र शिडीचा नाही. तो डोंगराच्या पोटातून मिनाराच्या जिन्यासारखा वळत जाणारा, दिवसाही दिवा लागणारा असा आहे. वाटेत लोखंडी जाळी टाकून तिच्यावर आग पेटविली की धगीने मार्ग बंद होई.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शिडीवाचून चढता येत नव्हते, त्या अर्थी १३४२ पूर्वीच कडा तासलेला होता. १३१८ ते १३४२ या अवघ्या चोवीस वर्षांत एवढा घेर तासून झाला, असे मानणे कठीण आहे. म्हणून या कामाची सुरुवात तरी यादवांचीच ठरते. याउलट आज ज्या स्वरूपात अंधारी दिसते, तो मुख्य प्रवेशमार्ग म्हणून इब्न बतूतानंतर सिद्ध झाला असावा. जुन्या लेण्यांची दालने त्यात सामावून घेतली गेली असणे शक्य आहे. शिडी व भुयार एकाच वेळी वापरात असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. पण एवढे विलक्षण भुयार त्या चौकस प्रवाशाने पाहिले असते, तर तो त्याविषयी गप्प राहता ना. कोठडीतील मांजराला भारी पडणाऱ्या उंदरांची हकीकतही त्याने सोडलेली नाही.

तुघलकाचे शहर :
मुहम्मद तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास राजधानी येथे हलविली व दौलताबाद हे नाव दिले. या निर्णयाची पाठ्यपुस्तकांत एक वेडगळ लहर म्हणून वासलात लावली जाते. त्यामागे इसामीच्या 'फुतूह-उस-सलातीन'चा मोठा वाटा आहे. इसामी स्वतः त्या स्थलांतरितांपैकी होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्ली सोडताच वाटेत निवर्तले. त्याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु त्याने तो ग्रंथ इ. स. १३५० मध्ये, तुघलकाविरुद्ध बंड करून सत्तेवर आलेल्या बहमनशहाच्या आश्रयाने पूर्ण केला, हेही विसरता येत नाही.

जमिनीची साक्ष निराळी आहे. डेक्कन कॉलेज, पुणे आणि मराठवाडा विद्यापीठ यांच्या वतीने डॉ. म. श्री. माटे व डॉ. टी. व्ही. पाथी यांनी येथे पुरातत्त्वीय अन्वेषण केले आणि त्याचा अहवाल इ. स. १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. माटे यांनी १९८३ च्या आपल्या लेखात तर दौलताबादला भारतातील इस्लामी पुरातत्त्वाचा मार्गच म्हटले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननातही तटाच्या आतील खालच्या शहराचे मुख्य रस्ते व गल्ल्या उजेडात आल्या. लहरीखातर टाकलेला तळ असा आखला जात नाही. दिल्लीहून आलेले सारे परतलेही नाहीत. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी यांच्या कबरी खुलताबादेत आहेत. इ. स. १३४७ मध्ये बहमनी राज्याचा जन्म याच शहरात झाला.

तटबंदी व १६३३ चा वेढा :
बाहेरून आत येताना अंबरकोट, महाकोट व कालाकोट अशी तटांची नावे आढळतात. पैकी अंबरकोटाचा संबंध परंपरेने मलिक अंबरशी जोडला जातो. इ. स. १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा दिला, तेव्हा अंबरचा मुलगा फत्तेखान आत होता, तर विजापूरचे सैन्य व शहाजीराजे बाहेरून मोगलांना सतावीत होते. सुरुंग लावून बाहेरचे तट पाडले गेले. वरचा किल्ला मात्र सुरुंगाने वा हल्ल्याने पडला नाही. तो उपासमारीने स्वाधीन झाला. १२९६ आणि १६३३ या दोन प्रसंगांमध्ये ३३७ वर्षांचे अंतर आहे. दरम्यान तट वाढले, बुरुजांवर तोफा चढल्या, 'मेंढा तोफ' आली. कोठाराचा प्रश्न तोच राहिला.

विजयानंतर शाहजहान इ. स. १६३६ मध्ये येथे आला. बारादरी त्याच काळातील आहे. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याने औरंगजेबाच्या कैदेतील अखेरची वर्षे चिनी महालात काढली. त्यानंतर किल्ल्याचे महत्त्व तुरुंग व ठाणे एवढेच उरले.

हैदराबाद संस्थान इ. स. १९४८ मध्ये भारतात सामील झाल्यानंतर जामा मशिदीच्या वास्तूत भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली. यादवकालीन स्तंभ, खलजी काळातील मांडणी आणि विसाव्या शतकातील मूर्ती आज एकाच छताखाली आहेत. डोंगरमाथ्याकडे निघालेला पर्यटक तेथे घटकाभर थांबतो आणि उत्खनित गल्ल्यांना वळसा घालून अंधारीकडे जातो.