'अचल' या शब्दाचा इतिहास

नियम शब्दांनी बनतो आणि शब्दाला अर्थ लावावा लागतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगण्याची गरज नाही. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींत मात्र एकाच शब्दाचा अर्थ लावण्यात अर्धशतकाहून अधिक काळ गेला आहे, आणि त्या अर्थावर शर्यतींचे निकाल अवलंबून राहिले आहेत. तो शब्द म्हणजे 'अचल'.

१९६८ च्या सुमारास शर्यतीच्या गाड्यांवर उंच काठ्यांवर उभारलेले पंख दिसू लागले. विमानाचा पंख वर उचलतो, हा उलटा पंख गाडीला जमिनीकडे दाबतो. त्यामुळे वळणावर चाकांची पकड वाढते. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातील माँटज्विक येथे लोटस संघाच्या ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे मागचे पंख मोडले आणि दोघांनाही भीषण अपघात झाले. दोनच आठवड्यांनी, मोनॅकोच्या शर्यतीचा सराव सुरू झालेला असताना, उंच पंखांवर बंदी आली. पुढे नियम स्थिरावला तो असा : हवेचा परिणाम साधणारा प्रत्येक भाग गाडीला घट्ट जोडलेला आणि तिच्या सांगाड्याच्या संदर्भात अचल असला पाहिजे.

अडचण इथेच सुरू होते. पूर्णपणे न वाकणारा पदार्थ सृष्टीत नाही. शब्दशः वाचला तर हा नियम प्रत्येक गाडीला बाद ठरवतो. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत हा मुख्यार्थबाध झाला. आणि मुख्यार्थ बाधित झाला की लक्षणेचा आधार घ्यावा लागतो. 'गंगेवर वस्ती' म्हणजे गंगेच्या तीरावर वस्ती. तसे 'अचल' म्हणजे ठरावीक भाराखाली ठरावीक मिलिमीटरांहून अधिक न वाकणारा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयएने) ही लक्षणा यंत्राने मोजायला सुरुवात केली. उभ्या गाडीच्या पंखावर भार टाकायचा आणि तो किती झुकतो ते पाहायचे.

परंतु मोजमाप आले की मोजमापापुरते शहाणपणही येते. सरळ रस्त्यावर भरवेगात मागचा पंख थोडा मागे झुकला, तर हवेचा अवरोध घटतो व वेग वाढतो; वळणापाशी वेग उतरला की पंख पुन्हा उभा राहून पकड देतो. म्हणून चाचणीच्या भाराला ताठ राहणारा आणि त्यापलीकडे नमणारा पंख घडवणे हे संकल्पकांचे ध्येय बनले. २०१० साली रेड बुलच्या पुढच्या पंखावरून वाद झाला, तेव्हा बेल्जियमच्या शर्यतीपासून चाचणीचा भार दुप्पट, म्हणजे सुमारे १०० किलो करण्यात आला. मे २०२१ मध्ये स्पेनच्या शर्यतीच्या वेळी लुईस हॅमिल्टन यांनी रेड बुलच्या झुकणाऱ्या मागच्या पंखाकडे लक्ष वेधले. महासंघाने अधिक कडक चाचणी जाहीर केली, पण ती १५ जूनपासून लागू होणार होती. मधल्या मोनॅको आणि बाकू येथील दोन्ही शर्यती जुन्या चाचणीखाली झाल्या आणि दोन्ही रेड बुलने जिंकल्या. त्या वर्षीचे अजिंक्यपद अवघ्या ८ गुणांनी ठरले. हा विजय पंखामुळे मिळाला असे आम्ही म्हणत नाही. पण अंमलबजावणीची तारीख हीसुद्धा नियमाचाच भाग असते, हे यातून दिसते.

मग महासंघाने मोजमाप सोडून हेतूच पाहावा का? तसा प्रयोगही झालेला आहे. रेनॉ संघाने गाडीच्या नाकाडात स्प्रिंगवर एक वजन बसवले होते. त्याला वारा लागतच नव्हता. २००६ साली जर्मनीतील स्पर्धेच्या पंचांनी ते वैध ठरवले; महासंघाने आपल्याच पंचांविरुद्ध अपील केले आणि त्याच्या अपील न्यायालयाने ऑगस्टमध्ये ते 'हलणारे वायुगतिक साधन' ठरवून बाद केले. येथे लक्षणा इतकी ताणली गेली की वाऱ्याशी थेट संबंध नसलेली वस्तूही पंखांच्या नियमात सापडली. हेतूचा अर्थ लावणारा एकच असेल, तर बाकीच्यांना नियम आधी कळण्याचा मार्ग उरत नाही.

आमच्या मते म्हणूनच, मोजमापाला पळवाटा असल्या तरी ते अधिक न्याय्य आहे. कारण ते सर्वांना आधी ठाऊक असते. त्याची किंमत मात्र मान्य केली पाहिजे : चतुर वाचकाने आधी मिळवलेला लाभ त्याच्याकडेच राहतो. २०२४ साली बाकूची शर्यत जिंकणाऱ्या मॅक्लारेनच्या मागच्या पंखाची वरची पट्टी वेगात किंचित उघडताना चित्रणात दिसली. पंख सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाला होता; महासंघाशी चर्चा झाल्यावर संघाने तो बदलला, निकाल कायम राहिला. २०२५ च्या हंगामात मागच्या पंखातील फटीची मर्यादा दोन मिलिमीटरांवरून अर्ध्या मिलिमीटरावर आणली गेली. पुढच्या पंखाची चाचणीही स्पेनच्या शर्यतीपासून कडक झाली. ती शर्यत मॅक्लारेननेच जिंकली. संशय आणि कारण यांतले अंतरही मोजमापानेच उघड होते.

२०२६ च्या नियमांनी तर पुढचे व मागचे दोन्ही पंख सरळ रस्त्यावर हलवण्याची मुभा सर्वांनाच दिली आहे. पण ते केव्हा आणि कसे हलावेत, हे नियम सांगतो. वाऱ्याच्या दाबाने आपणहून वाकणे आजही मोजलेच जाते. माँटज्विकला मोडलेल्या पंखांतून जन्मलेला शब्द पुसला गेलेला नाही, त्याची व्याप्ती तेवढी नव्याने आखली गेली आहे. आणि नव्या मर्यादेपाशी नवे वाचक हजर होतीलच.