तबकडीवर नसलेली नावे

‘अलबेला’ची गाणी आपल्या बॅचमध्ये कोणाला पाठ नाहीत? १९५१ सालचा तो चित्रपट भगवानदादांचा आणि संगीत आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे. पण त्यांच्या मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम वाजवणारी माणसे कोण होती? त्या काळच्या तबकडीच्या लेबलावर गायक, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे असत. वाजवणाऱ्यांना तिथे जागा नसे.

गेली काही वर्षे मी मुंबई-कलकत्त्याच्या डान्स बँडच्या जुन्या तबकड्या जमवतो आणि त्यांवर कोण वाजवत आहे ते शोधतो. स्मरणिकेच्या संपादकांनी याविषयी लिहायला सांगितले, म्हणून हा छोटा इतिहास.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय बँडप्रमुख आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथने बँड सांभाळला. हा स्मिथ १९१३च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीज युरोपच्या वाद्यवृंदात कॉर्नेट वाजवत होता. १९३६ साली त्याच्या बँडने मुंबईत रेक्स कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. त्यात मीना सायलस यांनी रचलेला ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉटही होता. पियानोवादक टेडी वेदरफर्ड ताजमधून पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला.

या मंडळींचे वाजवणे ऐकत गोव्याचे वादक तयार झाले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मेस्त त्यांना लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे कागद समोर ठेवला की ते वाजवू लागत. ताजमध्ये पुढे वीसेक वर्षे बँड चालवणारा मिकी कोरिया गोवेकरच. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तोच सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला आणि ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसला. १९६७ साली तो गेला.

आता शोधण्याची रीत. तबकडी दहा इंची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला तीनेक मिनिटे वाजणारी. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. तो त्या ध्वनिमुद्रणाचा असतो, विक्रीचा नव्हे. दोन तबकड्यांचे हे क्रमांक लागोपाठ असतील, तर त्या एकाच बैठकीतल्या असण्याचा संभव मोठा. मग एकीवरचा वादक ओळखला की दुसरीचेही दार उघडते.

पुढचा पुरावा वर्तमानपत्रातल्या हॉटेलांच्या जाहिरातींचा. कोणत्या हंगामात कोणता बँड कुठे होता, ते त्यांतून कळते. नंतर फोटो. पण फोटो जपून वाचावा लागतो. सॅक्सोफोनवाला क्लॅरिनेटही वाजवतो, आणि फोटोतला माणूस ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओत होताच असे नाही. डिसोझा आणि फर्नांडिस तर प्रत्येक बँडमध्ये दोन-चार. त्यात टोपणनावांची भर.

कानाची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी. आर्मस्ट्राँगची ढब त्या काळी अनेकांनी उचलली होती. नुसत्या ढबीवरून माणूस ठरवला, तर नक्कल करणाऱ्यांच्या गर्दीत आपण फसतो. शिवाय तबकडी थोडी जलद फिरवली तरी वाद्याचा आवाज बदलतो. म्हणून ब्रायन रस्टसारख्या सूचीकारांनी पाळलेला दंडक मीही पाळतो: खात्री नसेल तिथे नावापुढे प्रश्नचिन्ह. आपले इतिहासाचे सर ‘पुरावा काय?’ असे विचारून वही परत करत, ते या कामात रोज आठवतात.

हे सारे कशासाठी, असे मला घरातही विचारतात. या माणसांनी रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत वाजवून आपल्या गाण्यांना ठेका दिला. त्यांना ओळखणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. चेहरा पाहून नाव सांगणारे शेवटचे माणूस गेले, की तो फोटो कायमचा मुका होतो.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. घरच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील, तर रद्दीत घालू नका. त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. स्पिरिटने तर मुळीच पुसू नका, लाख विरघळते. वसईत, गिरगावात, गोव्यात कोणाच्या शेजारी जुना वादक राहत असेल, तर त्याच्या घरचे फोटो मागून पाहा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून घ्या.

आणि हाच नियम आपल्यालाही लागू. या स्मरणिकेतल्या वर्गाच्या फोटोखाली काही जागा अजून रिकाम्या आहेत. मेळाव्याच्या दिवशी तो फोटो मोठा करून दाराशी लावणार आहोत. ज्यांना चेहरे आठवतील त्यांनी नावे लिहावीत. शंका असेल तर प्रश्नचिन्ह चालेल.