हँडसेट ग्राहकाचा, सुविधांची किल्ली कंपन्यांकडे

भारतात मोबाइल हँडसेट आणि सिमकार्ड यांची खरेदी बहुतांशी स्वतंत्रपणे होते. ग्राहक दुकानातून, संकेतस्थळावरून किंवा परदेशातील नातेवाइकांमार्फत फोन घेतो आणि त्यात आपल्या पसंतीच्या कंपनीचे सिम घालतो. फोन सुरू होतो, इंटरनेटही चालते; मात्र फोर जी जाळ्यावरून थेट कॉल, वाय-फाय कॉलिंग आणि फाइव्ह जी या सुविधा त्या फोनवर मिळतीलच, याची शाश्वती नसते. फोनच्या खोक्यावर 'फोर जी' किंवा 'फाइव्ह जी' असे छापलेले असले तरी त्याचा अर्थ एवढाच, की ती क्षमता यंत्रात आहे. ती प्रत्यक्षात वापरता येण्यासाठी हँडसेट उत्पादक आणि सेवा कंपनी या दोघांचीही अनुकूलता लागते.

क्षमता आणि मान्यता

जुन्या टू जी व थ्री जी जाळ्यांत आवाजासाठी स्वतंत्र व्यवस्था होती आणि ती सर्व फोनमध्ये जवळपास सारखीच चालत असे. फोर जीमध्ये आवाजही इंटरनेटप्रमाणे माहितीच्या छोट्या पुडक्यांतून जातो. या पद्धतीला 'व्होल्टे' म्हणतात. त्यासाठी फोनला कंपनीच्या विशेष यंत्रणेत स्वतःची नोंद करावी लागते. ही नोंद कशी करायची, याच्या सूचना फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कंपनीसाठी वेगळ्या साठवलेल्या असतात. सिम घातल्यावर फोन कंपनी ओळखतो आणि तिच्या सूचना लागू करतो. त्या कंपनीसाठी सूचनाच नसतील, तर सुविधा बंद राहू शकते. कित्येकदा सेवा कंपनी त्या मॉडेलची चाचणी घेऊन मान्यता देते आणि त्यानंतरच उत्पादक अद्ययावत सॉफ्टवेअरद्वारे सुविधा खुली करतो.

मुंबईतील वाटचाल

मुंबईत १९९५ मध्ये मॅक्सटच आणि बीपीएल मोबाइल यांची सेवा सुरू झाली. ती जीएसएम पद्धतीची असल्याने सिम एका फोनमधून काढून दुसऱ्यात घालता येत असे. यास मोठा अपवाद ठरला तो रिलायन्स इन्फोकॉमचा. डिसेंबर २००२ मध्ये या कंपनीने सीडीएमए सेवेची घोषणा केली आणि २००३ च्या पावसाळ्यात 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपये भरून हँडसेट देऊ केला. हा फोन स्वस्तात हाती पडत होता, पण तो त्याच कंपनीशी बांधलेला होता. कंपनी बदलायची तर हँडसेटही बदलावा लागे. जानेवारी २०११ मध्ये देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली आणि स्वतंत्रपणे घेतलेल्या हँडसेटचे महत्त्व आणखी वाढले.

'व्होल्टे'मुळे बदललेले गणित

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. या कंपनीकडे टू जी वा थ्री जी जाळे नव्हतेच. त्यामुळे 'व्होल्टे' नसलेल्या फोर जी फोनवर जिओचे इंटरनेट चाले, पण नेहमीसारखा कॉल लागत नसे. अशा ग्राहकांसाठी कंपनीला वेगळे अॅप द्यावे लागले. एअरटेलने आपली 'व्होल्टे' सेवा सप्टेंबर २०१७ मध्ये प्रथम मुंबईतच सुरू केली, तर व्होडाफोनची सेवा जानेवारी २०१८ मध्ये आली.

ज्या कंपन्यांकडे जुने जाळे शिल्लक होते, त्यांच्या ग्राहकांचा फोन 'व्होल्टे' नसल्यास कॉलपुरता मागच्या पिढीच्या जाळ्यावर जाई. त्यामुळे ही उणीव अनेकांच्या लक्षातही आली नाही. जुनी जाळी आवरती घेतली जाऊ लागली, तशी ती ठळकपणे जाणवू लागली.

दाट वस्तीत वाय-फाय कॉलिंगचा आधार

चेंबूरनजीक माहुल येथील प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत बहुमजली इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या आहेत. अशा काँक्रीटच्या दाट बांधणीत खालच्या मजल्यांवरील आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचताना रेडिओलहरी क्षीण होतात. उच्च वारंवारतेच्या लहरींना भिंतींचा अडथळा अधिक होतो. घरात वाय-फाय असेल, तर त्यावरूनच नेहमीच्या क्रमांकाने बोलण्याची सोय अशा ठिकाणी उपयोगी पडते.

एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. जिओने आरंभी दीडशेहून अधिक हँडसेट मॉडेलवर ती चालेल, असे जाहीर केले होते. एअरटेलची आरंभीची यादी बरीच लहान होती. एकाच घरात, एकाच वाय-फायवर एका सदस्याचा फोन लागतो आणि दुसऱ्याचा लागत नाही, यामागे पुष्कळदा मॉडेलमधील हा फरक असतो. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, की हा फरक केवळ सोयीचा राहत नाही.

फाइव्ह जीची प्रतीक्षा

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह जी सेवेचे उद्घाटन झाले आणि पहिल्या काही शहरांत मुंबईचा समावेश होता. त्यापूर्वी दोन वर्षे बाजारात फाइव्ह जी फोन विकले जात होते. तरीही अनेकांना लगेच सेवा मिळाली नाही. अॅपलचे आयफोन १२ व पुढील फोन यंत्रदृष्ट्या सक्षम होते. मात्र भारतात त्यांच्यावरील फाइव्ह जी १३ डिसेंबर २०२२ रोजीच्या आयओएस १६.२ या आवृत्तीने सर्वांसाठी खुले झाले. अन्य उत्पादकांचे ग्राहकही अद्ययावत सॉफ्टवेअरची वाट पाहत होते. केंद्र सरकारला उत्पादक आणि सेवा कंपन्यांना एकत्र बोलवावे लागले.

कंपन्यांच्या पद्धतीही निराळ्या होत्या. एअरटेलने सुरुवातीला फोर जीच्या आधारावर चालणारी पद्धत निवडली, तर जिओने संपूर्ण स्वतंत्र फाइव्ह जी जाळे उभारले. पहिली पद्धतच जाणणाऱ्या फोनला दुसरीचा लाभ होत नाही. लहरींच्या पट्ट्यांचाही प्रश्न आहे. भारतात 'एन ७८' हा मुख्य पट्टा असून जिओ इमारतींच्या आत अधिक पोहोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा 'एन २८' पट्टाही वापरते. २०२०-२१ मधील काही फोनमध्ये केवळ 'एन ७८' होता.

परदेशात नेताना, परदेशातून आणताना

अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्री जी बंद केले. स्वतंत्रपणे घेतलेले अनेक फोन फोर जी असूनही कंपनीच्या मान्य यादीत नसल्याने निरुपयोगी ठरले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा व ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्री जी बंद करण्यास सुरुवात केली. तेथे काही फोन नेहमीचे कॉल फोर जीवर करीत, पण '०००' हा आणीबाणीचा क्रमांक लावताना थ्री जीकडे वळत. आणीबाणीचा कॉल करू न शकणाऱ्या फोनला सेवा देऊ नये, असा नियमच तेथे झाला. परदेशात घेतलेल्या फोनना त्याची झळ अधिक बसली. मुलांकडे सिडनी-मेलबर्नला जाणाऱ्या पालकांनी म्हणूनच आपला फोन तेथे चालेल का, हे निघण्यापूर्वी तपासणे इष्ट.

अमेरिकेतून येणाऱ्या फोनबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. हप्त्यांवर घेतलेला फोन तेथील कंपनीशी बांधलेला असू शकतो. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेलमध्ये सिमची खाच नाही. भारतात त्यात केवळ ईसिम वापरावे लागते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- केवळ नाव नव्हे, तर संपूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे प्रकार असतात.
- आपल्या सेवा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी 'व्होल्टे', वाय-फाय कॉलिंग, फाइव्ह जी व ईसिमची मान्यता आहे का, ते पाहावे.
- शक्य असल्यास दुकानातच आपले सिम घालून कॉल लावावा. कॉल सुरू असताना फोर जीचे चिन्ह कायम राहिले आणि इंटरनेटही चालू राहिले, तर साधारणपणे 'व्होल्टे' सुरू आहे असे समजावे.
- जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक मिळवावा. इंग्रजीतील 'केवायएम' ही अक्षरे व त्यापुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर एसएमएस केल्यास फोनची वैधता कळते.
- सुविधा मिळत नसल्यास प्रथम सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. त्यानंतर सेवा कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येते. विक्रेत्याने चुकीची माहिती देऊन फोन विकला असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी मॉडेल क्रमांक नमूद असलेले पक्के बिल जपून ठेवावे.