वतन गेले, मानधन आले

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपल्या जयंतीच्या भाषणांत चवदार तळे येते, काळाराम येतो, हे विधेयक क्वचितच येते. प्रश्न सरळ काम आणि दामाचा होता. १८७४ च्या कायद्याने वतनदार महाराला सरकारच्या कामाला जुंपले, पण कामाचे तास ठरवले नाहीत. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे. तो गावात नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन, गावकऱ्यांच्या मर्जीचे बलुते आणि सरकारकडून नाममात्र पैसे. बाबासाहेबांची मागणी होती की कामे नेमून द्या आणि बलुत्याऐवजी ठरलेली रोख रक्कम द्या.

वतने १९५९ साली कायद्याने गेली. पण त्यामागचा हिशेब गेला का?

वस्तीतल्या अंगणवाडीत बसलो की आम्हाला हा प्रश्न पडतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, मदतनीसाला ३५. याला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे! मूल सांभाळणे हा बाईचा स्वभावच, त्याला मजुरी कसली, ही समजूत या एका शब्दात मावली. २००६ च्या अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सेविकांचे पद सरकारी नागरी पद नाही असेच ठरवले.

वतन जन्माने गळ्यात पडायचे, सेविका अर्ज करून येते. हा फरक मोठा आहे, तो आम्ही पुसत नाही. साम्य हिशेबात आहे. आहारवाटप, वजने, लसीकरणाला मदत, मोबाइलवरच्या नोंदी, वर निवडणुकीची कामे. कामाची यादी वाढते आणि दाम कोणी द्यायचा यावर टोलवाटोलवी चालते. २०१५ साली केंद्राने या योजनेची तरतूद निम्म्याहून खाली आणली. पुढे राज्यांशी खर्चाची वाटणी ६०:४० झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेचे मानधन ४,५०० रुपये ठरले, म्हणजे केंद्राच्या वाट्याचे २,७००. पुढची सहा वर्षे ही मूळ रक्कम हलली नाही. राज्याने वरून भर घातली, पण तीही संप केल्यावर.

आणि संप केला की काय होते? मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सेविकांना मेस्मा लावला, ओरड झाल्यावर स्थगित केला. पगार मागितला तर स्वयंसेविका, काम थांबवले तर अत्यावश्यक सेवा!

किमान वेतनाचे विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मांडले होते. मानधन या शब्दाने सेविकांना नेमके त्याच कायद्याबाहेर ठेवले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यातल्या सेविका-मदतनीसांना ५२ दिवस संपावर बसावे लागले आणि ग्रॅच्युइटी मागण्यांच्या यादीत होतीच.

त्या ५२ दिवसांत आपली किती मंडळे त्यांच्या मंडपात गेली? यंदाच्या जयंतीला १९२८ च्या विधेयकावर एक व्याख्यान ठेवा, आणि बोलायला वस्तीतल्या सेविकाताईंना बोलवा.

जय भीम.