आत्मशंका, तीव्र व्यायामातील

धावणे, सायकल, वजने किंवा जोर-बैठका असा कोणताही व्यायाम ऐन दमछाकीला आला की ‘आता आपल्याच्याने होणार नाही’ ही भावना मनात दाटून येते. या नोंदीत आत्मशंका म्हणून विचार केला आहे तो याच भावनेचा. स्नायूंची ताकद संपण्याच्या बरीच आधी ती येते आणि नवशिक्याप्रमाणे मुरलेल्या खेळाडूलाही गाठते. तिला आळस किंवा भित्रेपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

तूरिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी 1891 मध्ये थकव्यावर ग्रंथ लिहिला. बराच वेळ बौद्धिक काम केल्यावर बोटाने वजन ओढण्याची क्षमताही घटते, असे त्यांनी उपकरणाने मोजून दाखवले होते. पुढे 1920 च्या दशकात ए. व्ही. हिल यांच्या प्रयोगांनी अभ्यासकांचे लक्ष प्राणवायू आणि लॅक्टिक आम्लाकडे वळले व मनाचा विचार मागे पडला. इकाई आणि स्टाइनहाउस यांनी 1961 मध्ये तो पुन्हा पुढे आणला. हाताचा जोर लावण्याच्या क्षणभर आधी पिस्तुलाचा बार काढला, किंवा जोर लावणारा स्वतः ओरडला, तर लागणारा जोर वाढत असे. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी त्याच सुमारास माणसाला श्रम किती जड वाटतात हे मोजण्यासाठी 6 ते 20 अंकांची श्रेणी तयार केली. व्यायामशाळांत आणि हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात ती आजही वापरली जाते.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग 2010 मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो यांनी प्रसिद्ध केला. दहा रग्बी खेळाडूंनी सरासरी 242 वॅट एवढ्या जोराने सायकल चालवायची होती, अगदी पाय थांबेपर्यंत. साधारण दहा मिनिटांत ते थांबले. उसंत न देता लगेच त्यांना फक्त पाच सेकंद सर्व ताकदीनिशी पायडल मारायला सांगितले, तेव्हा सरासरी 731 वॅट निघाले. ज्या पायांना क्षणापूर्वी 242 पेलत नव्हते, त्यांनीच त्याच्या तिप्पट जोर दिला. ताजेतवाने असताना हेच खेळाडू हजाराच्या वर वॅट काढत होते, म्हणजे थकवा खराच होता आणि ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने उतरली होती. पाच सेकंदांचा जोर आणि दहा मिनिटांचा दम यांना लागणारी ऊर्जा वेगवेगळ्या वाटांनी येते, हा या प्रयोगावरचा आक्षेपही रास्त आहे. तरीही थांबण्याच्या क्षणी स्नायू रिकामे झालेले नव्हते, एवढे यातून नक्की कळते. केपटाऊनचे टिम नोक्स याचे कारण मेंदूच्या संरक्षक नियंत्रणात शोधतात, तर मार्कोरा ते जाणवणाऱ्या श्रमात आणि इच्छाशक्तीत शोधतात. हा वाद मिटलेला नाही.

शंकेवर मात कशी करावी याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या 1977 च्या मांडणीत सापडते. ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः आधी केलेल्या कामाने. मग आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहून, विश्वासाच्या माणसाच्या शब्दाने आणि धडधड, धाप यांचा अर्थ नीट लावल्याने. तालमीत यातले बरेचसे आपोआप घडते: बरोबरीचा जोडीदार समोर असतो, वस्तादाची नजर असते आणि मेहनत हळूहळू वाढवली जाते. मातीत तयार झालेले खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला मॅटवर सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. मधल्या चार वर्षांच्या मेहनतीचे काम कोणत्याही घोषवाक्याने झाले नसते. म्हणून मागच्या आठवड्यात किती झाले याची वही ठेवणे आणि पुढचा टप्पा त्याच्या थोडाच वर नेणे, हा उपाय पहिल्या क्रमांकाचा मानावा.

स्वतःशी बोलण्याचाही उपयोग होतो. 2014 च्या एका प्रयोगात 24 जणांपैकी निम्म्यांनी दोन आठवडे ठरावीक उत्साहवर्धक वाक्यांचा सराव केला. थकून थांबेपर्यंतचा त्यांचा सायकलिंगचा वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढला आणि तेवढेच श्रम त्यांना हलके वाटले. वाक्ये आधी ठरवून घोटलेली असावीत. दम लागल्यावर ती सुचत नाहीत. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. मार्कोरा यांच्याच 2009 च्या प्रयोगात दीड तास डोके शिणवणारे काम केलेले लोक सुमारे 15 टक्के लवकर थांबले, मात्र त्यांच्या हृदयाच्या कामात फरक नव्हता. कचेरीतून शिणून आल्यावर नेहमीचे अंतर डोंगराएवढे वाटले, तर त्यावरून आपल्या कुवतीचा निवाडा करू नये.

मन हरते तेव्हा शरीराची केवळ 40 टक्के ताकद वापरलेली असते, हे वाक्य बरेच फिरते. ते कोणत्याही मोजमापातून आलेले नाही आणि त्यावर विसंबून शरीर ताणणे धोक्याचे आहे. श्रमाची शंका वेग कमी केला की ओसरते. छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे होणे, भोवळ, उन्हात भान हरपू लागणे, व्यायामानंतर लघवीला चहासारखा गडद रंग येणे या गोष्टींचा शंकेशी संबंध नाही. यांपैकी एकही दिसले तर तिथेच थांबावे आणि वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे.