पाणी, वीज आणि खताची गोणी

सुरत-भुसावळ लोहमार्गाने नवापूरहून पश्चिमेला निघाले, की उकाई-सोनगढ, व्यारा, मढी आणि मग बारडोली येते. नवापूरच्या फलाटावरचे बाकडे निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. त्यामुळे या वाटेने जाताना परमुलखात शिरल्यासारखे आम्हां सीमेवरच्या माणसांना वाटत नाही. सोनगढ तर पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे. खिडकीबाहेर ऊसच ऊस दिसू लागला, की बारडोली जवळ आली असे समजावे. दिवाळीनंतर खानदेशातली आणि डांगातली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन याच उसात उतरतात.

या उसाला युरिया लागतो. तो बनवणारा कृभकोचा मोठा कारखाना तापीच्या मुखाशी, हजिऱ्याला, १९८५च्या सुमारास उभा राहिला. समुद्रातून आलेला नैसर्गिक वायू हा त्याचा कच्चा माल.

दहावीच्या वर्गात पाण्याचे विद्युत अपघटन शिकवत असताना एका मुलाने मला विचारले, "सर, पाण्यातून हायड्रोजन निघतो, मग कारखाने तो वायूतून का काढतात?" प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागले.

खताचे मूळ अमोनियात आहे. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून तो होतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ही क्रिया प्रयोगशाळेत करून दाखवली आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे तिचा कारखाना उभा केला. नायट्रोजन हवेत मुबलक आहे. अडचण असते ती हायड्रोजनची. तो आधी कोळशापासून काढीत, पुढे नैसर्गिक वायूपासून काढू लागले. वायूच्या रीतीने एक टन अमोनिया करताना पावणेदोन ते दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्यातून विजेने हायड्रोजन काढला आणि ती वीज धरणाची, वाऱ्याची किंवा उन्हाची असली, तर हा धूर टळतो.

हे नवे स्वप्न आहे असे कोणी समजू नये. नॉर्वेने धबधब्यांच्या विजेवर गेल्या शतकाच्या आरंभीच खते केली. आपल्या देशातही भाक्रा-नांगलच्या जलविद्युतेवर पाण्याचे अपघटन करून नांगलच्या कारखान्यात १९६१ पासून खत निघू लागले. आज ज्याला आपण 'हरित अमोनिया' म्हणतो, तो त्या काळी पंजाबच्या शेतात पडत होता. फक्त त्याला हे नाव नव्हते.

मग ते मागे का पडले? त्याचे कारण विज्ञानात नव्हते, हिशेबात होते. अपघटनाला वीज अफाट लागते, ती अखंड लागते आणि स्वस्तही लागते. घरे, कारखाने आणि शेतीचे पंप त्याच विजेवर हक्क सांगू लागले. १९७८ मध्ये नांगलचा विस्तार झाला तो इंधन तेलावर, आणि पुढे २०१३ मध्ये तेलाच्या जागी नैसर्गिक वायू आला.

आता आपल्या गोणीचा हिशेब मांडू. एक टन अमोनियाला सुमारे १८० किलो हायड्रोजन लागतो आणि एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २५ किलो अमोनिया खर्ची पडतो. म्हणजे गोणीमागे सव्वादोनशे ते अडीचशे युनिट झाली. युनिट तीन रुपयांना मिळाले असे धरले, तरी नुसती वीजच सातशे रुपयांच्या आसपास जाते. या गोणीची सरकारने ठरवलेली किंमत कर व नीमलेपन वगळता २४२ रुपये आहे. वायूचा युरियाही या किमतीत होत नाही. वरचा भार सरकारी अनुदान उचलते, हे येथे विसरू नये.

दुसरी अडचण रसायनशास्त्राची आहे. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतोच. वायूच्या कारखान्यात तो आपोआप मिळतो, पाण्याच्या हायड्रोजनाबरोबर मिळत नाही. नांगलला ही अडचण नव्हती, कारण तेथे कॅल्शियम अमोनियम नायट्रेट होत असे. बारडोलीच्या बाजूला मात्र एक वाट दिसते. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क करताना बऱ्यापैकी शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. तो उसातून आलेला असल्याने हवेचेच हवेला परत जाते.

सुरतेजवळच्या कवास येथे जानेवारी २०२३ मध्ये एनटीपीसीने लहानसा आरंभ केला. पाण्यावर तरंगणाऱ्या सौर प्रकल्पाच्या विजेने हायड्रोजन काढून तो वसाहतीच्या स्वयंपाकाच्या वायूत मिसळला. त्याच महिन्यात केंद्राने १९,७४४ कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. पण कवासचा सौर प्रकल्प एक मेगावॅटचा. चुलीपासून खताच्या कारखान्यापर्यंतची मजल फार लांबची आहे, आणि सूर्य रात्री मावळतो. वरच्या अंगाला उकाईचे धरण आहे. तेथे ३०० मेगावॅटची जलविद्युत यंत्रे आहेत. पण त्या पाण्यावर शेतीचा आणि सुरतेचाही हक्क आहे.

म्हणून मला बारडोलीचा १९२८ चा सत्याग्रह आठवतो. सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा वल्लभभाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी कर कायमचा बुडवू असे म्हटले नव्हते. निःपक्ष चौकशी करा, हिशेब दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली.

खताचा धूर थांबलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण वीज कोणाच्या वाट्याची, पाणी कोणाचे आणि वाढीव खर्च कोणाच्या माथी, हे आधी मांडले गेले पाहिजे. तो भार ऊस लावणाऱ्याच्या गोणीवर किंवा ऊस तोडणाऱ्याच्या मजुरीवर गुपचूप येऊ नये. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की पाण्यातून हायड्रोजन काढणे आपल्याला कधीचे जमले आहे. हिशेब जुळवणे तुझ्या पिढीकडे आले आहे.