हात (परिमाण)

हात : लांबी व उंची मोजण्याचे जुने परिमाण. मराठीत ह्या एकाच शब्दाने दोन भिन्न मापे सांगितली जातात : पहिले, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे, सुमारे 18 इंचांचे देशी माप, आणि दुसरे, पंजाच्या रुंदीवरून कल्पिलेले, इंग्रजी परंपरेत 4 इंचांवर स्थिरावलेले व केवळ घोड्याच्या उंचीसाठी योजिले जाणारे माप.

देशी हात : कौटिलीय अर्थशास्त्रात 12 अंगुलांची वितस्ती म्हणजे वीत, आणि 24 अंगुलांचा हस्त सांगितला आहे. देवालयांची माने हस्त व अंगुल ह्यांतच देणाऱ्या शिल्पपरंपरेचे एक थोर फलित म्हणजे शिलाहारांच्या राजवटीतील, शके 982 (इ. स. 1060) चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर होय. मुंबई इलाख्यात 16 तसूंचा हात व 24 तसूंचा, म्हणजे 27 इंचांचा गज प्रचलित होता. जमीन मोजण्याची काठी 5 हात 5 मुठींची धरीत. कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रय घेतलेल्या सिंधी निर्वासितांच्या उद्यमातून वाढलेल्या उल्हासनगरच्या कापडबाजारात आज मीटरपट्टीने कापड फाडून देत असले, तरी नऊवारी लुगड्याच्या नावात जुने मान टिकून आहे : 36 इंचांचा एक वार म्हणजे दोन हात, म्हणून नऊ वार म्हणजे 18 हात अथवा 324 इंच.

घोड्याचा हात : घोड्याची उंची मात्र कोपराच्या हाताने सांगत नाहीत. जनावर सपाट जमिनीवर सरळ उभे करून, आयाळ संपते तेथील खांद्याच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर इंचांत घेतात, त्यास 4 ने भागतात व बाकी उरलेले इंच बिंदूपुढे लिहितात. उदाहरणार्थ, 58 इंच म्हणजे 14 हात 2 इंच, हे ‘14.2’ असे लिहितात. येथील बिंदू दशांशचिन्ह नव्हे. दशांशात तीच उंची 14.5 हात होते. बाकी 0, 1, 2 किंवा 3 एवढीच संभवत असल्याने ‘14.4’ असे माप असूच शकत नाही. ते 15 हात होय. मेट्रिक मानाने हा हात 10.16 सेंटिमीटरांचा आहे.

रूपांतर : 57 इंच कापड म्हणजे 3 हात 3 इंच, तर 57 इंच उंचीचे घोडे 14 हात 1 इंच भरते. यास्तव भागाकारास हात घालण्यापूर्वी मोजावयाची वस्तू कोणती हे पाहावे : कापड, भिंत वा विहीर असल्यास 18 ने भागावे, घोडा असल्यास 4 ने.